वसईच्या बंदर दरवाजाला जाळी नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वसई किल्ल्यावर लेख आला आणि त्यासोबत बंदराकडच्या दरवाजाचे अर्धे पान व्यापणारे छायाचित्र छापलेत, याचा मनापासून आनंद झाला. मी किल्लाबंदरची, म्हणजे या किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या गावातली. ज्या दरवाजाचे छायाचित्र आपण छापले, त्याच्या कमानीखालून मी पहिल्यांदा गेले ती आयच्या कडेवर, आणि आज सदुसष्टाव्या वर्षीही आठवड्यातून तीनचारदा जाते. म्हणून त्या लेखातल्या दोन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक, 'याच दरवाजाचे लाकूड फोडून मराठे किल्ल्यात घुसले' हे वाक्य. दुसरी, लेखाच्या शेवटी केलेली सूचना, की दरवाजाची नासधूस थांबवायची तर त्याला लोखंडी जाळी बसवून ये-जा बंद करावी.

पहिली गोष्ट आधी घेते, कारण ती इतिहासाची आहे आणि मुलांच्या डोक्यात चुकीचा इतिहास एकदा बसला की काढताना किती त्रास होतो हे चौतीस वर्षे शिकवून मी पाहिले आहे.

वसईचा तट म्हणजे नुसता किल्ला नव्हता, त्याच्या आत सगळे शहर होते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याला उत्तरेकडून हुमायूनची धास्ती होती. पाठीशी कुणी असावे म्हणून त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्या याला लिहून दिला. तह झाला तो जहाजावर. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. चर्च, मठ, कॉलेज, कचेऱ्या, सरदारांचे वाडे असे सगळे तटाच्या आत. या शहराला दोन मोठे दरवाजे: जमिनीकडचा, आणि खाडीच्या बाजूचा आमचा बंदर दरवाजा. पोर्तुगीज त्याला 'पोर्ता दो मार' म्हणत, म्हणजे समुद्राचा दरवाजा.

आता १७३९. दोन वर्षे आधी साष्टी मराठ्यांकडे आली होती, १७३९ च्या सुरुवातीला वसईच्या उत्तरेकडची माहीम-तारापूरची ठाणीही आली, आणि चिमाजी अप्पांचा वेढा वसईभोवती आवळत गेला. मराठे आले ते जमिनीच्या बाजूने, वाळूतून खंदक खणत, मोर्चे पुढे सरकवत. त्यांनी सुरुंग लावले ते त्याच बाजूच्या बुरुजांना. त्यात मुख्य सेंट सेबॅस्टियनचा बुरूज. तो २२ फेब्रुवारी १५५४ रोजी बांधल्याचे त्याच्या शिलालेखात कोरलेले होते, म्हणजे सुरुंग उडाला तेव्हा तो एकशे पंच्याऐंशी वर्षांचा होता. त्या खिंडाराच्या तोंडाशी दोन्हीकडची माणसे पडली. मराठ्यांकडची तर हजारोंनी पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी हात टेकले. तह झाला. शिबंदीने शस्त्रे घेऊन, वाद्ये वाजवत, निशाणे फडकावत बाहेर पडावे असे ठरले. ज्यांना राहायचे असेल त्यांनी आपला धर्म पाळत राहावे, हेही त्या तहातच ठरले. मी ख्रिस्ती कोळीण आहे आणि माझे घर आजही तटाला लागून आहे, त्यामुळे हे कलम माझ्या लेखी तोफांच्या आकड्यांपेक्षा मोठे आहे.

म्हणजे बंदर दरवाजा कोणी फोडला नाही. मराठ्यांनी शहर जिंकले ते दुसऱ्या बाजूचा बुरूज उडवून, आणि इकडचा दरवाजा उघडला तो तह झाल्यावर. गेलेली माणसे गलबतांवर चढली ती खाडीकडूनच, तेव्हा ती याच कमानीखालून गेली असणार असे मला वाटते. चिमाजी अप्पांच्या माणसांनी प्राण दिले ती जागा लेखकाने जरूर दाखवावी, पण ती जमिनीच्या बाजूला आहे. तिथे आज करवंदीच्या जाळ्या वाढल्यात आणि त्या खिंडारापाशी माहितीसाठी कोणी थांबत नाही.

(वसईच्या चर्चांच्या घंटा मग देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. नाशिकला माझी मुलगी आहे. तिच्याकडे गेले की मी त्या घंटेखाली थोडा वेळ उभी राहते. आमच्या गावची वस्तू आहे ती.)

आता दरवाजाबद्दल. लेखात त्याचे वर्णन एका ओळीत संपले आहे, 'अणकुचीदार खिळ्यांचा भक्कम लाकडी दरवाजा' असे. एवढ्याने भागणार नाही.

फळ्या सागवानी. त्यांच्यावर लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्यांतून बाहेर आलेले सुळे. खारे वारे आणि पावसाळे झेलून सागाच्या रेषा वर आल्या आहेत. मऊ भाग झिजला, कठीण भाग उरला, त्यामुळे हात फिरवला तर ओहोटीनंतर वाळूवर पडतात तशा वळ्या लागतात. खालच्या बाजूचे सुळे बोथट आणि वरचे तीक्ष्ण. कारण सोपे आहे, खालचे माणसांच्या हाताला लागतात. आमच्या लहानपणी पाटी टेकायला, टोपले अडकवायला, पावसात इरले टांगायला तेच सुळे. भिंतीत अडसर सरकवायची खोबण आहे. आमच्या गोट्या आम्ही तिच्यात लपवत असू. खांद्यापर्यंत हात आत जात असे आणि आत नेहमी गार असे.

एकदा चौथीच्या मुलांना तिथे घेऊन गेले होते. दरवाजावर सुळे का, तर हत्तीने धडक देऊ नये म्हणून, असे मी नेहमीच्या पाठातले सांगितले. एक मुलगा म्हणाला, "बाई, समुद्रातून हत्ती कसा येईल?" मला उत्तर आले नाही. त्या प्रश्नाचा मी पुढे बराच विचार केला. हत्ती गलबतातून आणून दरवाजावर सोडणे कठीणच. पण गलबतातून उतरलेली माणसे ओंडका घेऊन धावून येऊ शकतात, कुऱ्हाड चालवू शकतात, दाराशी लाकडे रचून आग लावू शकतात. लोखंडाने मढवलेल्या आणि सुळे असलेल्या फळीपुढे हे तिन्ही अवघड. शिवाय घडवणाऱ्या लोहारा-सुतारांनी या देशातल्या दरवाजांची रीतच उचलली असावी. वसईच्या बुरुजांची जुनी नावे बहुतेक संतांची आहेत, सान सेबॅस्टियन, सान पेद्रू, सान पावलू, सान जुआंव, आणि त्यांच्यातच एक बुरूज एलेफांते, म्हणजे हत्ती! तो मुलगा आता मर्चंट नेव्हीत आहे. मागच्या नाताळात भेटला तेव्हा त्याला हे सांगितले.

या दरवाजातून काय काय गेले याचा विचार मी फार वर्षे करते आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया समुद्रमार्गे पूर्वेकडे गेला आणि जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संत म्हणून घोषित केले. किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याचे फेस्त होते तेव्हा आम्ही सगळे जमतो. मे १६१८ मध्ये वसईवर असे तुफान आले की घरे-चर्चांची छपरे उडाली आणि पाठोपाठ उपासमार झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले त्या दिवशी दुपारी पत्रे उडताना मी घरातून पाहत होते. दोनतीन दिवसांनी वारा पडल्यावर पहिली गेले ती दरवाजापाशी. पानांचा आणि प्लास्टिकचा कंबरभर ढीग होता. दरवाजा जागच्या जागी होता.

१७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत पेशव्यांकडे आली. आणि डिसेंबर १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांकडून पुण्यात हार खाल्लेले दुसरे बाजीराव सुवर्णदुर्ग, रेवदंडा करत इंग्रजी जहाजातून वसईला उतरले. ३१ डिसेंबरला इथेच त्यांनी इंग्रजांशी तह केला. चिमाजी अप्पांनी इतक्या माणसांच्या मोलाने घेतलेल्या जागी त्यांच्याच घरातल्या पेशव्याने तैनाती फौज मान्य केली. शाळेत हा भाग शिकवताना दरवेळी माझा आवाज बसायचा. मुले विचारायची, बाई, तुम्ही रडताय का?

हे सगळे राजे-सेनापतींचे झाले. मला मुख्य सांगायचे आहे ते पुढेच.

पोर्तुगीज काळात तटाच्या आत राहायचा मान फिदाल्गोंना, म्हणजे त्यांच्यातल्या खानदानी मंडळींना होता. कारागिराने, हातावर पोट असणाऱ्याने दिवसा आत येऊन काम करावे आणि रात्रीच्या आत तटाबाहेर जावे, असा त्या शहराचा रिवाज होता. भिंतीचे दगड घडवणारा, फळ्या तासणारा, त्यांच्या ताटात मासळी पोचवणारा माणूस रात्री दरवाजाबाहेर. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा नोकरीत नवीन होते. त्या संध्याकाळी घरी येताना दरवाजाच्या खोबणीत हात घालून बराच वेळ उभी राहिले. ती खोबण म्हणजे आमच्या माणसांच्या तोंडावर दार बंद करणाऱ्या अडसराची जागा. तिच्यात मी गोट्या लपवल्या होत्या.

आणि माझी आय रोज पहाटे चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर पाटी, अशी त्याच कमानीखालून आत शिरायची आणि शहर ओलांडून बाजाराला जायची. बोंबील, मांदेली, करंदी, हंगामात पापलेट. कधी लिलाव लांबला की मागे वळून मला म्हणायची, "चल गो, उशीर झायला." पाटीतले पाणी तिच्या मानेवरून पाठीवर उतरायचे आणि दरवाजाच्या उंबऱ्यावर ठिपके पडायचे. ती भरभर चालायची, पण त्या सावलीत पोचली की क्षणभर थांबून श्वास घ्यायची, एक हात पाटीला आणि दुसरा दगडाला. ज्या दगडाला ती हात लावायची तो मला आजही दाखवता येईल, कारण तिच्याआधी आणि तिच्यानंतर किती बायकांनी तिथेच हात टेकला आहे. त्याचा कोपरा गुळगुळीत झाला आहे, पाट्याच्या दगडासारखा. शेजारचा दगड खरखरीत आहे आणि हा नाही.

म्हणून जाळीची सूचना वाचून मला वाईट वाटले. लेखकाचा हेतू चांगला आहे, हे मी मानते. नासधूस खरी आहे. लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी दिव्यांच्या वायरी सुळ्यांना बांधतात. फळीवर बाण आणि बदाम कोरलेले मी स्वतः पाहिले आहेत. पण हे करणारी माणसे या वाटेने रोज जाणारी नव्हेत. पाटी घेऊन जाणारी बाई, जाळे खांद्यावर टाकलेला पोर, शाळेची मुले, फेस्ताला निघालेले म्हातारे, यांनी दरवाजाचे काही वाईट केलेले नाही. उलट त्यांच्या ये-जा करण्यानेच तिथे रात्री-बेरात्री काही भलते होत नाही. तुमच्याआमच्या घराचे दारही रोज उघडले-लावले नाही तर बिजागरीला गंज धरतो आणि वाळवी लागते. माणसांची वाट बंद केली की सहा महिन्यांत तिथे काय होते, ते बघायला आपल्या किल्ल्यातल्याच दोनचार बंद कोपऱ्यांकडे जावे. नाकाला पदर लावल्याशिवाय उभे राहवत नाही.

दरवाजाला खरा धोका दुसराच आहे, आणि त्यावर लेखात अवाक्षर नाही.

काही वर्षांपूर्वी डागडुजीसाठी म्हणून आलेल्या गड्यांनी कमानीच्या आतल्या अंगाला सांधे सिमेंटने भरले. मी थांबून विचारले, चुना का नाही? मुकादम म्हणाला, सिमेंट पक्के असते, मॅडम. माझे वडील होड्यांचे सुतारकाम करायचे, चुलते गवंडी होते. चुन्याच्या घाण्यात गूळ आणि बेलफळ घालून चुना मळताना मी पाहिले आहे. चुना ओल शोषतो आणि सोडतो. समुद्राकाठची भिंत पावसाळ्यात भिजते, त्या ओलीबरोबर मीठ आत जाते. सांधे चुन्याचे असले तर उन्हाळ्यात ती ओल सांध्यांतून बाहेर पडते आणि मीठ चुन्यावर येते. चुना झडतो, पुन्हा भरता येतो. सांधे सिमेंटचे असले की ओलीला वाट राहत नाही, ती दगडातून बाहेर पडते, मीठ दगडाच्या कातडीखाली फुलते आणि कातडी पापुद्र्यांनी सुटते. झाले तसेच. ज्या पट्ट्यात सिमेंट भरले त्याच्या वरखालचे चिरे आता सोलल्यासारखे दिसतात. खाली झाडले तर मूठभर भुकटी मिळते. मी एकदा ती कागदात बांधून घरी आणली आणि भावाला दाखवली. तो काही बोलला नाही, नुसता बोटांनी चोळत राहिला.

दुसरे, पिंपळ. कमानीच्या वर, डाव्या अंगाला त्याचे रोप धरले आहे. दरवर्षी कोणीतरी वरून छाटते आणि मूळ आत जाडच होत जाते. मूळ मारल्याशिवाय छाटण्याचा उपयोग नाही, हे इथले कुठलेही वाडीवाले सांगतील.

तिसरे, लोखंड. सुळा जिथे पट्टीतून निघतो तिथे गंज फुगतो, आणि फुगलेला गंज सागाला आतून फाडतो. एकदोन सुळे गळून गेले आहेत, त्यांच्या भोकांत पाणी साठते. भोक बुजवायला डांबर नको, रंग नको. हे जाणकार सुताराच्या हातचे काम आहे. ज्या गावात अजून लाकडी होड्या दुरुस्त होतात त्या गावात असा हात शोधायला लांब जावे लागणार नाही.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. गावकऱ्यांनी स्वतः फावडे-थापी घेऊन चढावे असे मी म्हणत नाही, आणि कोणी चढूही नये. पण काम करायला येणाऱ्यांनी गावातल्या जुन्या हातांना विचारावे, एवढे तरी व्हावे. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने छायाचित्र छापताना या तीन गोष्टीही छापाव्यात.

फलकाविषयीही लिहिते. वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून किल्ल्याच्या जेट्टीवर उतरणारी माणसे पुष्कळ वाढली. मुलेबाळे, दुचाक्या, गाड्या. त्यातले कितीतरी मला थांबवून विचारतात, आजी, हे काय आहे? मी सांगते. पण मी काही दिवसभर तिथे उभी नसते. तिथे मराठीतला नीट, वाचता येईल असा फलक हवा. त्यावर १५३४, १७३९, १८०२ हवेतच. त्याच अक्षरांत हेही हवे, की ज्यांना रात्री या दाराबाहेर ठेवले जात होते ते कोळी, सुतार, गवंडी हे दार आजपर्यंत वापरत आले आहेत. गुळगुळीत दगडाकडे बाण दाखवला तर अधिक चांगले. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. हा शब्द मी यापूर्वी ग्रामसभेतही दिला आहे.

लेखकाला आणि आपल्या छायाचित्रकाराला माझे निमंत्रण आहे. पुढच्या वेळी दुपारच्या उन्हात येऊ नका. पहाटे पाचच्या सुमारास या, होड्या लागलेल्या असतात, लिलाव सुरू असतो. मग बायका पाट्या उचलून दरवाजाकडे निघतात. आत अंधार असतो, म्हणून प्रत्येक जण त्या एका दगडाला हात लावूनच आत शिरते. छायाचित्र ते काढा. माझे घर वलांड्यांच्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या मांडवांच्या मागे, निळ्या दाराचे आहे. चहा माझ्याकडे घ्या, आणि त्या दिवशी बोंबील चांगला आला असेल तर जेवूनच जा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
किल्लाबंदर, वसई